सैतानाची सात वर्षं, पोरांचे सहा आठवडे

बास्क लोकांत एक जुनी गोष्ट सांगतात. सैतानाला एकदा वाटलं, या डोंगरी लोकांना पापाला लावायचं तर आधी त्यांची भाषा यायला हवी. म्हणून त्याने बायोनच्या मुलखात सात वर्षं मुक्काम ठोकला. सात वर्षांत त्याला दोन शब्द आले, 'हो' आणि 'नाही'. वैतागून निघाला आणि बायोनचा पूल ओलांडता ओलांडता तेही विसरला. बास्क माणूस ही गोष्ट अशा थाटात सांगतो की, त्यांच्या सदाचाराचं सगळं श्रेय व्याकरणालाच असावं असं ऐकणाऱ्याला वाटतं.

जिथे सैतानाने हात टेकले तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतली कॉलेजची पोरं देवाच्या वतीने येतात. त्यांच्यापाशी सहा आठवडे असतात.

मी ही पोरं पाहिली ती स्पेनमधल्या गिपुस्कोआ प्रांतात, मोंद्रागोनच्या खोऱ्यात. आमची मुलगी तिथल्या सहकारी उद्योगसमूहाच्या विद्यापीठात शिकायला होती, म्हणून आम्ही उभयता उन्हाळा काढायला गेलो होतो. कोल्हापूरच्या मुलीला सहकार शिकायला युरोपात जावं लागतं हे ऐकून आमच्या ओळखीतल्या एका साखर कारखान्याच्या माजी संचालकांनी फोनवर मोठा उसासा टाकला होता. पण तो विषय वेगळा, आणि लांबचा.

पोरं ओळखायला सोपी. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, हातात बादलीएवढ्या पाण्याच्या बाटल्या, दहाजणांत मिळून दोन गिटारी, आणि चेहऱ्यावर सकाळी सातपासून हसू. बास्क माणूस सकाळी सातला हसत नाही. दहालाही विचार करून हसतो. त्यामुळे बेकरीच्या रांगेत या पोरांकडे लोक जरा काळजीनेच बघत.

स्पेन म्हणजे ऊन, अशा समजुतीने त्यांनी गॉगल आणले होते. पण स्पेनचा हा उत्तर किनारा हिरवागार आहे आणि हिरवागार असायचा खर्च तो वर्षभर भरत असतो. तिथे भर जुलैत एक बारीक पाऊस पडतो, त्याला सिरिमिरी म्हणतात. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर अर्ध्या तासात बनियनपर्यंत भिजायला होतं. चौकात गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांवर हा पाऊस पडायचा आणि बास्क लोक कमानीखाली उभे राहून, वाईनचा छोटा ग्लास हातात धरून, त्यांच्याकडे बघायचे. ऐकायचे नाहीत. बघायचे.

पोरांची तयारी मात्र वाखाणण्यासारखी. आपला खर्च आपणच उभा करायचा, हा या कामातला नियम. त्यासाठी आधी पत्रं लिहायची. मावशीला, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना, दातांच्या डॉक्टरांना. 'मला या उन्हाळ्यात बास्क लोकांमध्ये काम करण्याचं बोलावणं आलं आहे.' हे बोलावणं बास्क लोकांनी पाठवलेलं नसतं, ते परस्पर वरून आलेलं असतं. 'तरी आपण प्रार्थना करावी आणि इच्छा झाल्यास चेकही पाठवावा.' सोबत हसऱ्या फोटोचं कार्ड, फ्रीजवर चुंबकाने लावायला. म्हणजे इकडे चौकात पोरगं भिजत असतं आणि तिकडे टेक्सासमधल्या कुणा काकूंच्या फ्रीजवर, किराण्याच्या यादीशेजारी, तेच पोरगं कोरडं ठणठणीत हसत असतं.

आता बास्क लोकच का? तर मिशन संस्थांकडे जगभरच्या लोकसमूहांच्या याद्या असतात, आणि त्यांत दोन टक्क्यांची रेघ फार महत्त्वाची. एखाद्या समाजात इव्हँजेलिकल ख्रिस्ती दोन टक्क्यांच्या खाली असले की तिथे काम करायला जागा आहे असं धरतात. बास्क लोक त्या रेघेच्या बरेच खाली. ते शतकानुशतकं कॅथलिक आहेत, पण त्याचा उपयोग नाही. तो रकाना वेगळा.

हे मला समजावून सांगणारा मुलगा जॉर्जिया राज्यातला होता. गुणी पोर. त्याच्याशी संभाषणाची सुरुवात आमच्या हिच्यापासून झाली. ही चौकातल्या बाकावर साडीवर स्वेटर घालून बसली होती. त्या मुलाने जवळ येऊन पाठ केलेलं बास्क वाक्य म्हटलं : नमस्कार, मी अमेरिकेचा विद्यार्थी, तुम्ही कशा आहात? हिला घरमालकीण आजींनी तेवढं बास्क शिकवलं होतं. तिने ठसक्यात उत्तर दिलं, मी बरी आहे, आज पाऊस आहे, तुम्ही जेवलात का? मुलगा आनंदाने थरारला. मोहिमेला लागल्यापासून त्याला बास्कमध्ये उत्तर देणारी पहिली बाई भेटली होती आणि ती निघाली कोल्हापूरच्या राजारामपुरीची.

खुलासा झाल्यावर त्याने इंग्रजीत नम्रपणे विचारलं, भारतात तुम्ही येशूबद्दल कधी ऐकलं आहे का? आमची ही कोल्हापुरात मिशनच्या शाळेत शिकलेली. तिने पर्स बाजूला ठेवली आणि रेव्हरंड टिळकांचं एक मराठी ख्रिस्तगीत पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, चालीसकट, म्हणून दाखवलं. कमानीखालचे वाईनवाले पहिल्यांदाच ऐकायला लागले. एकाने टाळीही वाजवली. जॉर्जियाच्या मुलाने संध्याकाळी वहीत काय लिहिलं असेल ते देव जाणे.

मी त्याला गोव्याचं सांगितलं. आमच्या शेजारी गोव्यात ६ मे १५४२ रोजी जहाजातून एक माणूस उतरला, फ्रान्सिस झेवियर. हातात घंटा घेऊन रस्त्यातून हिंडायचा, मुलं गोळा करायचा आणि त्यांना धर्म शिकवायचा. म्हणजे तुम्ही करता तेच, गिटारीऐवजी घंटा. त्याचा देह आजही जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहे आणि दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात तेव्हा लाखो लोक येतात. तर हा माणूस बास्क. इथून गाडीने थोड्याच तासांवर, नवारामध्ये, त्याचा वाडा आहे. दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरून लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो की, इथल्या लोकांची भाषा मलबारी, माझी बास्क, एकमेकांचं काही कळत नाही. मग त्याने दुभाषे गाठले, प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि तोंडपाठ केल्या. (त्याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय मागितलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते आलंही. आमच्याकडच्या किती घराण्यांनी त्या पायी कुलदेवता डोक्यावर घेऊन खाडी ओलांडली, ते मी त्या पोराला सांगितलं नाही. त्याचं वय वीस होतं आणि तो भिजलेला होता.)

एकट्या झेवियरचं तरी काय घेऊन बसायचं? त्याला या मार्गाला लावणारा इग्नेशियस लोयोला, जेझुइटांचा संस्थापक, जन्म १४९१, तो याच गिपुस्कोआतला. त्याचं अस्पेइतिया गाव दोन डोंगरांपलीकडे. मेक्सिकोचा पहिला बिशप सुमारागा, तो दुरांगोचा. या छोट्याशा मुलखाने मासे, लोखंड आणि धर्मप्रचारक या तीन गोष्टींची निर्यात शतकानुशतकं केली. या पोरांच्या टोळीत कॅलिफोर्नियाची एक मुलगी होती, तिचं घर सान फर्नांडोजवळ. तिथलं जुनं मिशन १७९७ मध्ये ज्याने स्थापलं, तो फ्रान्सिस्कन पाद्री लासुएन बास्क प्रदेशातल्या वितोरियाचा. कॅलिफोर्नियात त्याने एकूण नऊ मिशनं काढली. म्हणजे माल जिथून आला होता, तिथेच ही मुलगी तो नमुन्यादाखल परत घेऊन आली होती. हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, पण ते कॅथलिक होते. रकाना वेगळा.

हसायचं कारण मलाही फारसं नव्हतं. परदेशी मिशनला जायचं हे विद्यार्थ्यांच्या डोक्यात भरवणाऱ्यांत एक नाव आमच्या कोल्हापूरचं आहे. रॉबर्ट वाइल्डर, जन्म १८६३, कोल्हापूर. वडील तिथे अमेरिकन मिशनरी. हा मुलगा पुढे प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, तिथे याने एकेका विद्यार्थ्याला गाठून असं काही पटवलं की शिबिर संपताना शंभरजणांनी परदेशी मिशनला जायची तयारी लिहून दिली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत हजारो पदवीधर बोटींत बसले. एखाद्याचा हात धरून 'चल की, काय होतंय' म्हणत त्याला जग फिरवायचं ही हातोटी वाइल्डर कुठल्या मातीतून घेऊन गेला, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. फरक इतकाच की वाइल्डरच्या वेळी गेलेली माणसं जन्मभरासाठी जात. कित्येक तिथेच पुरली गेली. आता परतीचं तिकीट आधी काढतात.

सहा आठवड्यांच्या मिशनचं एक शास्त्र असतं. थेट धर्माचं बोलायचं नाही, आधी मैत्री करायची. अमेरिकेत हे चालतं, कारण तिथे शेजारच्या सीटवरच्या माणसाशी विमान उडायच्या आत मैत्री होते. बास्क प्रदेशात मैत्रीचं काम वयाच्या सातव्या वर्षी पूर्ण होतं. शाळेत, गल्लीत जी टोळी जमते तिला कुआद्रिया म्हणतात. तीच टोळी मोठी होते, तीच टोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या बारमधून ठरलेल्या बारमध्ये जात एकेक छोटा ग्लास पिते, तीच लग्नाला येते आणि तीच खांदा द्यायला. नवरा-बायकोच्या कुआद्रिया वेगळ्या असू शकतात, आणि नवरा तिच्या कुआद्रियात वीस वर्षांनीही पाहुणाच असतो. तिथे सहा आठवड्यांत मैत्री करणार म्हणजे जागा शिल्लक नसलेल्या गाडीचं आरक्षण मागण्यासारखं. लोक उद्धट नाहीत. नमस्कार करतात, वाट सांगतात, पडलात तर उचलतात. फक्त मित्र हवेत का विचारलं तर त्यांना खरोखरच कळत नाही की कशाला, आहेत की.

जेवणाचा मार्ग तरी मोकळा असेल म्हणावं, तर तिथे चोको. चोको म्हणजे मित्रमंडळाचं सामायिक स्वयंपाकघर. सभासदाकडे किल्ली असते, तो येतो, मित्रांसाठी रांधतो, किती तेल, किती वाईन, किती अंडी वापरली ते स्वतःच लिहितो आणि पैसे पेटीत टाकतो. बघायला कुणी नसतं. पापपुण्याचा एवढा चोख हिशेब पोरांनी आपल्या पत्रकांतही वाचला नसेल. परंपरेने चोको पुरुषांचा. बायकांना जेवायला बोलावतात, पण ओट्यापाशी जायची बंदी, आता पुष्कळ ठिकाणी सुटली असली तरी काही जुने अजून अडून आहेत. आमच्या हिने हे ऐकलं आणि म्हणाली, आमच्याकडे बायका शंभर वर्षं स्वयंपाकघराबाहेर पडायला भांडल्या आणि या बिचाऱ्या आत जायला भांडतायत. पत्ता दे, इथेच राहते. पोरांना एका चोकोत बोलावणं आलं होतं. बोंबिलाच्या चौपट अंगाचा सुका कॉड मासा, लसूण आणि तेल यांचं भांडं एक दाढीवाला गृहस्थ अर्धा तास नुसतं गोल गोल हलवत होता, रस दाटून येईपर्यंत. त्या अर्ध्या तासात सगळ्यांनी जे मौन पाळलं, तसं मौन मी त्या गावात चर्चमध्येही पाहिलं नाही. पोरांचा नेता मध्येच, आपण प्रार्थना करू या का, म्हणाला. दाढीवाला म्हणाला, आता नको, रस फुटेल.

पोरांनी गावातल्या मुलांसाठी भरवलेल्या इंग्रजी शिबिराला मात्र गर्दी झाली. फुकट होतं. पहिल्या दिवशी ओळीने मुलं बसली तेव्हा टोळीचे डोळे भरून आले. नंतर लक्षात आलं की त्यातली निम्मी इक्वेडोर, होंडुरास, निकाराग्वा इथून आलेल्या आयांची. त्या आया दिवसभर बास्क म्हाताऱ्यांची सेवाशुश्रूषा करतात, रविवारी इव्हँजेलिकल चर्चमध्ये तीन तास गातात आणि बायबलमधले उतारे पोरांच्या नेत्यापेक्षा अचूक म्हणतात. त्यांनी शिबिराच्या शेवटी उलट या पोरांसाठीच प्रार्थना केली, हात डोक्यावर ठेवून, मोठ्याने. उरलेली निम्मी बास्क मुलं. ती बास्क आणि स्पॅनिश दोन्ही येत असल्याने तिसरी भाषा चिंच चोखल्यासारखी सहज उचलत होती, आणि मधल्या सुट्टीत पोरांना बास्क वाक्यं शिकवत होती. काय शिकवलं ते मोठ्या माणसांसमोर म्हणून दाखवल्यावरच त्यांना कळलं.

आता खरी अडचण. पत्रकं स्पॅनिशमध्ये होती.

आमच्या घरमालकीण आजी सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या लहानपणी, फ्रँकोच्या राजवटीत, शाळेत बास्क शब्द तोंडातून गेला की शिक्षा होई. मुलांना बास्क नावं ठेवायलाही बंदी होती. त्या काळात पुष्कळ गावांत एकच मोठा माणूस त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चारचौघांत बोलत होता, तो म्हणजे पाद्री. सगळे नव्हेत, पण जे बोलले त्यांतल्या काहींना तुरुंगही दिसला. झामोरा इथे तर केवळ पाद्र्यांसाठी तुरुंगाचा वेगळा विभाग होता आणि त्यातले बहुतेक बास्क. भाषेला एक प्रमाण रूप द्यायचं ठरलं ते १९६८ साली, आणि ती बैठक भरली आरान्त्सासूच्या फ्रान्सिस्कन मठात, आमच्या घरापासून चढणीच्या रस्त्याने थोडं वर. आजी आता चर्चला जात नाहीत. पण कुणी पाद्र्यांना नावं ठेवली तर त्याला घरात घेत नाहीत.

एके दिवशी दोन पोरांनी दार वाजवलं आणि पत्रक पुढे केलं. आजींनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि विचारलं, स्पॅनिशमध्ये का? पोरं म्हणाली, स्पॅनिश सगळ्यांना येतं म्हणून. आजी म्हणाल्या, मला स्पॅनिशमध्ये काय काय समजावून सांगितलं गेलंय ते तुम्हाला माहीत नाही. आणि आतून त्यांनी एक जाडजूड बास्क बायबल आणलं, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनी मिळून १९९४ मध्ये पुरं केलेलं. उघडलेलं दिसत नव्हतं, पण धूळही नव्हती. पोरं चकित. आमच्या मुलीने पुढची भर घातली की बास्कमध्ये नवा करार पहिल्यांदा छापला तो १५७१ साली, ला रोशेलला. नवाराच्या प्रोटेस्टंट राणीने, जान द'आल्ब्रे हिने, लेइसारागा नावाच्या पाद्र्याला कामाला लावलं होतं. १८३८ मध्ये जॉर्ज बॉरो नावाच्या इंग्रजाने लूकचं शुभवर्तमान बास्कमध्ये काढलं. म्हणजे तुम्ही या मोहिमेवर पहिले नव्हे, जरा उशिरानेच आलात. एकोणिसाव्या शतकात एका बास्क धर्मगुरूने तर देव मुळात बास्कच बोलत असे, असं पुस्तकच लिहिलं होतं. आजींना हे मत शंभर टक्के मान्य नव्हतं. पण ते खोडून काढायची घाईही त्यांना नव्हती.

इथून पुढे धर्मांतर सुरू झालं. फक्त उलट्या बाजूने.

बास्क लोक धर्मप्रचार विसरले असं ज्याला वाटतं त्याने त्यांचे प्रौढांसाठीचे भाषावर्ग पाहावेत. गावोगावी आहेत. उन्हाळ्यात निवासी शिबिरं असतात, तिथे आत गेल्यावर फक्त बास्क बोलायचं, झोपेत बडबडायचं झालं तरी. जन्माने नव्हे तर शिकून बास्कभाषक झालेल्याला स्वतंत्र नाव आहे आणि त्याचं कौतुक नव्याने बाप्तिस्मा झालेल्यासारखं होतं. १९८० पासून दर दोन वर्षांनी कोरिका नावाची धाव असते. दोन हजारांहून अधिक किलोमीटर, रात्रंदिवस न थांबता, हातातून हातात एक दांडकं देत, आत बंद केलेला निरोप शेवटच्या गावी उघडून वाचायचा. एकेक किलोमीटर लोक विकत घेतात. बेकरी घेते, शाळा घेते, चोको घेतो. जमलेले पैसे भाषा शिकवायला. पोरांच्या नेत्याने हे ऐकलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एका व्यावसायिकाला दुसऱ्याबद्दल वाटतो तसा आदर उमटला. त्याने पत्रं लिहून जेमतेम विमानाचं भाडं जमवलं होतं.

आणि या मिशनऱ्यांत आजी म्हणजे बिशप. जॉर्जियाच्या मुलाला त्यांनी धरलं. रोज दुपारी तो यायचा, आपण आजींना बायबल समजावून देतोय अशा समजुतीने. आजी म्हणायच्या, वाच. बास्कमध्ये वाच. तो वाचायचा आणि त्या प्रत्येक ओळीला थांबवून कर्ता सुधारायच्या. बास्कमध्ये काही करणाऱ्या कर्त्याला प्रत्यय लागतो, नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला लागत नाही. मुलगा रडकुंडीला यायचा. मी शेजारी बसून ऐकत होतो, मला काही अवघड वाटेना. राम आला, रामाने आंबा खाल्ला. 'ने' लागला की नाही? त्यांनी ते सगळ्या काळांत लावलं आहे इतकंच. हे मी मुलीकरवी सांगितल्यावर आजी माझ्याकडे पहिल्यांदाच माणूस म्हणून बघायला लागल्या. क्रियापदाचं मात्र आपलं काही चालत नाही. एका सहायक क्रियापदात कुणी, कुणाला, काय, किती, हे सगळं कोंबलेलं असतं. त्यापुढे मीही प्रार्थनेच्याच बाजूचा झालो.

गावच्या पाद्र्यांची आणि पोरांची भेटही अशीच. पाद्री ऐंशीच्या घरातले, चार गावांची चर्चं एकटे सांभाळणारे. पोरांना वाटलं, वाद होईल. त्यांनी पोरांना कॉफी पाजली आणि खोऱ्यातल्या जुन्या पाद्र्याची गोष्ट सांगितली. आरिस्मेन्दियारिएता नावाचा तरुण पाद्री १९४१ मध्ये इथे आला. प्रवचन इतकं रटाळ की लोकांनी तक्रार केली, असं जुने सांगतात. मग त्याने प्रवचनाचा नाद फारसा धरला नाही. १९४३ मध्ये पोरांसाठी तंत्रशाळा काढली. त्यातल्या पाचजणांनी १९५६ मध्ये रॉकेलच्या शेगड्या बनवायचा कारखाना टाकला, मालक सगळे कामगारच. आज त्या झाडाला ऐंशीच्या वर सहकारी संस्था आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं आहेत. पोरांचा नेता वही काढून बसला होता. त्याने विचारलं, आणि त्यातून किती लोकांनी प्रभूचा स्वीकार केला? पाद्री म्हणाले, ते मोजायचं राहूनच गेलं.

मोहिमेचा समारोप गावच्या जत्रेत झाला. पोरांनी चौकात मूकनाट्य केलं, पाप, पश्चात्ताप, पांढरी चादर वगैरे. लोकांनी शिष्टाचाराने बघितलं. त्यानंतर त्याच मंचावर दोन बेर्त्सोलारी आले. हे तात्काळ रचून गाणारे कवी. आपल्याकडे शाहिरांचे सवाल-जवाब होत त्याच जातीचा खेळ, पण वाद्य नाही, नाच नाही. निवेदक विषय देतो, पात्रं वाटून देतो, आणि कवी काही सेकंद जमिनीकडे बघून, ठरलेल्या चालीत, यमकं जुळवत कडवं गातो. शेवटची ओळ आधी सुचते म्हणतात, मग उरलेल्या ओळी तिच्याकडे चालवत न्यायच्या. चार वर्षांतून एकदा यांची अजिंक्यपदाची अंतिम फेरी होते, तिला दहा हजारांहून जास्त लोक तिकीट काढून दिवसभर बसतात. कवितेला.

निवेदकाने विषय दिला : तू लांबून आलेला गिटारवाला विद्यार्थी, आणि तू याच गावचा म्हातारा पाद्री, दोघे पावसात एकाच कमानीखाली अडकलात. चौक खदखदला. मुलीने कानात सांगितलं त्यावरून विद्यार्थी म्हणाला, बाबा, माझ्याकडे आनंदाची बातमी आहे. पाद्री म्हणाला, बाळा, ती मी पन्नास वर्षं सांगतोय, आता ऐकायला सहा बायका उरल्यात, त्यातल्या चार बहिऱ्या आहेत. विद्यार्थी म्हणाला, मी गिटार आणलीय. पाद्री म्हणाला, मग मी चार बहिऱ्या तुला देतो, उरलेल्या दोघी मला राहू देत. हसू चौकात तीन हप्त्यांनी फुटत होतं : आधी बास्कवाले, मग स्पॅनिशमध्ये अर्थ कळलेले, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी भाषांतर पोचल्यावर एका रंगाचे टी-शर्ट. खरे पाद्री पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते.

जाताना पोरांना पुन्हा पत्रं लिहायची होती, मदत करणाऱ्यांना अहवाल. त्यात आकडे लागतात. किती लोकांशी बोललो, किती पत्रकं वाटली, किती जणांनी निर्णय घेतला. शेवटच्या रकान्यापाशी जॉर्जियाचा मुलगा अडला होता. आमच्या स्वयंपाकघरात बसून, पेन चावत. एकानेही घेतला नाही लिहावं तर काकू फ्रीजवरून फोटो काढतील. मी म्हटलं, एक लिही. तो म्हणाला, कोण? मी आजींच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे पुढच्या उन्हाळ्याच्या निवासी बास्क शिबिराचा अर्ज पडला होता, त्याच्याच नावाचा, त्याच्याच सहीचा, आजींनी भरून घेतलेला.

त्याने थोडा विचार केला आणि 'एक' लिहिलं. आजींनी वाकून बघितलं, पेन त्याच्या हातातून घेतलं आणि खोडून 'तीन' केलं. तेव्हा मला समजलं की मुलीच्या भाषावर्गाची फी भरायला म्हणून आमच्या हिने सकाळी माझ्याकडून घेतलेले पैसे कुठल्या शिबिरात गेले. आणि दोन अर्जांचे गेले.